खोबरेल लावून मांटा बघायला

सकाळी वारा पडलेला आणि समुद्र वरणाच्या वाटीसारखा निवांत. शोभाने सुट्टीसाठी घेतलेल्या किनाऱ्यावरच्या केबिनमधल्या शेगडीवर पोहे परतले, नवऱ्यासमोर, पद्माकरसमोर, डिश सरकवली आणि मग डोक्यावर खोबरेल चोपडलं. खाऱ्या पाण्याने केसांचा काथ्या होतो, ही आईची शिकवण. कपाळ, कानशिलं, मान, कुठे म्हणून हात आखडता घेतला नाही.

वेस्टमीडच्या हॉस्पिटलात ती रोज लोकांचं रक्त काढते. सुई बघून घामाघूम होणाऱ्या धटिंगणांना दटावून बसवणारी बाई, पण पाण्यापुढे तिची गाळण उडायची. अख्खा हिवाळा पूलमध्ये शाळकरी पोरांशेजारी हातपाय मारले ते आजच्यासाठी. आज मागे फिरले तर पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी घरची मंडळी बोटीने निघाली. अंधार पडल्यावर बोट थांबली. पाण्यावर दिवे लावलेली फळी तरंगत होती. डोळ्यांवर मास्क नि तोंडात श्वासाची नळी लावून ती फळी धरून पालथं पडायचं. उजेडाला बारीक जीव जमतात आणि ते खायला मांटा, पंख पसरल्यासारखे चपटे अजस्र मासे, येतात.

शोभाने तोंड पाण्यात घातलं नि मास्कमध्ये भसकन पाणी शिरलं. पट्टा आवळला, तर तो सुळकन मानेवर. तिसऱ्यांदा ती खोकत बोटीच्या शिडीलाच चिकटली.

"नाही जमत मला. भित्री ती भित्रीच!"

"मी म्हणालोच होतो, बोटीत बस," पद्माकर पाण्यातून म्हणाला.

"बाबा, नॉट नाऊ!" लेक उर्वी खेकसली.

गाइड मेगनने मास्कच्या कडेवरून बोट फिरवलं, हुंगलं. "कोकोनट ऑइल?"

"येस. फॉर हेअर."

मेगन खो खो हसली. "मेट, यू आर नॉट स्केअर्ड. यू आर स्लिपरी!"

तिने शोभाला वर घेऊन भांड्यांच्या साबणाने तिचं कपाळ खसाखसा धुतलं, डोक्यावर रबरी टोपी चढवली, वर मास्क.

"अगं, म्हणजे मी नव्हते, तेल होतं ते!" शोभाच्या छातीवरचा धोंडाच उतरला.

"आई, थोडी तू पण होतीस."

या वेळी आत थेंब आला नाही. खालच्या काळोखातून चादरीएवढं पांढरं पोट वर आलं, सुपाएवढं तोंड वासून, आणि तिच्या नाकासमोर कोलांटी मारून परत खाली. "अगंबाई!" शोभा नळीतून ओरडली; बाहेर नुसती पिपाणी वाजली.

केबिनवर पोचल्यावर पद्माकर चाचरत म्हणाला, "उद्या परत जायचं का गं?"

"जाऊ की," म्हणत तिने ओले टॉवेल पिळले आणि एकेक झटकून दोरीवर घालायला घेतले.