दुपारी उतरणारी बॅटरी

"दादा, आज फिर स्टार्ट नाही झाली. मला आठच्या पेपरला पोचायचं होतं."

सकाळी सव्वासहाला शुभांगी मॅडमचा फोन. माझ्या अर्ध्या गालावर दाढीचा साबण. ही चौथी वेळ होती. बॅटरी नवी होती, रेग्युलेटर नवा होता, आणि चारच दिवसांपूर्वी मी माझ्या हाताने जॉब कार्डावर 'ओके' लिहून गाडी परत दिली होती.

"बटन दाबल्यावर काय होतं?"

"टक टक टक करते. बस."

टक टक म्हणजे बॅटरीत स्टार्टर फिरवण्याएवढा जीव नाही. मी म्हणालो, "येतो." तोंड धुतलं आणि निघालो.

झाशीच्या सदर बाजारात माझं गॅरेज आहे. आजोबा रेल्वेत फिटर म्हणून भुसावळहून इथे आले, वडीलही रेल्वेत. मी मात्र ग्वाल्हेरला एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काढली आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. मोठ्या मोटारसायकलींचं काम इथे फारसं कुणी करत नाही, म्हणून आसपासच्या जिल्ह्यांतूनही गाड्या माझ्याकडे येतात.

शुभांगी सपकाळ मऊरानीपुरच्या कॉलेजात शिकवतात. रोज जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. बसमध्ये वेळ फार जातो, आणि ट्रेनची वेळ जुळत नाही. त्यांना लहानपणापासून मोटारसायकलचं वेड. मागच्या हिवाळ्यात त्यांनी दिल्लीकडच्या एका माणसाची स्पोर्ट-टूरर बघितली. स्पोर्ट-टूरर म्हणजे वेगाची आणि लांबच्या प्रवासाची, अशी दोन्ही कामं करणारी गाडी. पुढे वाऱ्यापासून आडोसा, मागे सामानाच्या दोन पेट्या, आठशे सीसीचं इंजिन. घेण्याआधी त्यांनी मला दाखवली. मी दोन दिवस तपासली आणि म्हणालो, "डोळे झाकून घ्या."

म्हणजे गाडी घ्यायला सांगणारा मीच. म्हणून प्रत्येक 'टक टक' मला स्वतःला लागत होती.

पहिल्यांदा बॅटरी उतरली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. सेकंड हँड गाडीत आधीच्या मालकाने काय काय लावलेलं असतं ते उघडल्याशिवाय कळत नाही. सीटखाली मला एक जीपीएस ट्रॅकर सापडला. तो चोवीस तास वीज खातो. गाडी बंद असताना अशी जी वीज गुपचूप जाते तिला आम्ही पॅरासिटिक ड्रेन म्हणतो. बांडगूळच ते. मी ट्रॅकर काढला, बॅटरी चार्ज केली, गाडी दिली. दहा दिवस काही झालं नाही. मी खूश.

अकराव्या दिवशी फोन आला.

दुसऱ्यांदा मी चार्जिंग तपासलं. बॅटरीला जाणारी वीज सांभाळणारा रेग्युलेटर जरा कमी व्होल्टेज देत होता, तो बदलला. तिसऱ्यांदा बॅटरीच बदलली. दर वेळी मॅडम आणखी एक तक्रार सांगायच्या.

"आणि दादा, ते आरसे. नीट करून ठेवते, दुसऱ्या दिवशी मागचं काही दिसतच नाही. आकाश दिसतं."

"व्हायब्रेशनने हलत असतील." मी आरशांचे नट आवळले. कार्डावर दोन ओळी लिहिल्या: बॅटरी उतरते, आरसे ढिले. दोन वेगळे आजार, दोन वेगळे इलाज.

चौथ्या वेळेला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा त्या गेटपाशीच उभ्या होत्या. घर शहरातल्या सीपरी भागात. वडिलांनी नोकरीत असतानाच बांधलेलं. गाडी पुढच्या पोर्चमध्ये उभी असते. वडील, म्हणजे नाना, रेल्वेत लोको पायलट होते. इंजिन ड्रायव्हर. निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली. आई नाही. घरात हे दोघेच. नाना दारात खुर्ची टाकून बसले होते.

"या धनंजय," नाना म्हणाले. "पुन्हा रुसली का ही?"

"रुसली नाना."

मी माझ्याकडचा बूस्टर, म्हणजे बाहेरून वीज देणारी बॅटरी, जोडला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. इंजिन असं गोड चालत होतं की माझाच संताप झाला.

मॅडमनी हेल्मेट घातलं नाही. हातात धरून उभ्या राहिल्या.

"प्रिन्सिपल साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. परीक्षेच्या ड्यूटीला तीन वेळा लेट. आता मी ठरवलंय दादा. परीक्षा संपल्या की गाडी विकते, मऊरानीपुरला रूम घेते. नानांना भैया के पास नागपूरला पाठवते. इथे अकेले कसे राहतील?"

नाना गाडीकडे बघत होते.

"मला पंधरा दिवस द्या," मी म्हणालो.

गाडी मी गॅरेजला आणली. जुनी जॉब कार्डं समोर मांडली. तेव्हा एक गोष्ट दिसली. गाडी बंद पडायची ती बुधवारी नाहीतर शनिवारी. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या की मंगळवारी आणि शुक्रवारी त्या एका सहकारी बाईंच्या कारने जातात. म्हणजे त्या दोन दिवशी गाडी घरीच. सोमवारी संध्याकाळी उभी केली की थेट बुधवारी सकाळी निघणार.

माझा जीव भांड्यात पडला. गाडी जास्त वेळ उभी राहते आणि हळूहळू वीज गळते. सरळ हिशेब. आता फक्त गळती शोधायची.

ती सापडली नाही. बॅटरी आणि गाडीच्या मध्ये मीटर जोडून मी बसलो. घड्याळाला लागते तेवढीच वीज जात होती. एक एक फ्यूज काढून बघितला. वायरिंग हलवून बघितलं, हँडल डावी-उजवीकडे फिरवून बघितलं, पाण्याचा फवारा मारून बघितला. गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये नुसती उभी ठेवली. चौथ्या दिवशी बटन दाबलं, लगेच सुरू.

माझ्याकडे तीन दिवस उभी राहून गाडी ठणठणीत, आणि त्यांच्या पोर्चमध्ये दीड दिवसात मेलेली. ती घरी जाऊन करते काय? मी खरोखर गोंधळलो. पोर्चच्या वर विजेची तार आहे का, इनव्हर्टरजवळ काही होतं का, असले वेडगळ विचार डोक्यात यायला लागले. एकदा तर माझी बायकोच म्हणाली, "नजर लागली असेल. लिंबू बांधा." माझ्याकडे तरी त्याहून बरं उत्तर कुठे होतं?

शेवटी मी बॅटरीवर एक मॉनिटर बसवला. काडेपेटीएवढी वस्तू. बॅटरीचं व्होल्टेज दिवसरात्र नोंदवत राहते आणि नंतर मोबाइलवर त्याचा आलेख दाखवते. मॅडमना सांगितलं आणि गाडी परत केली.

पुढच्या बुधवारी सकाळी फोन आला. मी वाटच बघत होतो.

पोर्चमध्ये उभं राहून मी मोबाइलवर आलेख उघडला. माझी खात्री होती की रेषा रात्रभर हळूहळू उतरलेली असणार, उतारावरून घरंगळल्यासारखी. तसं नव्हतं. सोमवारची रात्र सपाट. मंगळवारची सकाळ सपाट. मंगळवारी दुपारी तीनला दहा कमी असताना रेषा एकदम खाली पडली. सव्वाचारपर्यंत खालीच सरकत राहिली. मग एका क्षणात थोडी वर आली आणि पुन्हा सपाट.

गळती अशी घड्याळ लावून येत नाही आणि जात नाही. हे कुणीतरी स्विच लावून मग बंद केल्यासारखं होतं. आणि या गाडीला फक्त चावी लावली तरी पुढचे दोन्ही हेडलाइट लागतात, इंजिन सुरू करायला नको. जुने, गरम होणारे बल्ब. तास-सव्वातास पेटले तर बॅटरीत काय उरणार?

"काल दुपारी तुम्ही कुठे होता?" मी मॅडमना विचारलं.

"कॉलेजमध्ये. का?"

"दुसरी चावी कुठे असते?"

"अंदर, खिळ्यावर. क्यों दादा?"

"असंच." मी बूस्टर जोडला. "नाना दुपारी काय करतात?"

"झोपतात."

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी त्यांच्या गल्लीत गेलो. मुद्दाम पायी, माझी गाडी लांब ठेवून. कुणावर पाळत ठेवायची माझी पहिलीच वेळ. चोरासारखं वाटत होतं.

गेट लोटलेलं होतं. आत पोर्चमध्ये हेडलाइट पेटलेले. नाना गाडीवर बसले होते. गाडी मधल्या स्टँडवर, दोन्ही पाय फूटरेस्टवर, पाठ ताठ. उंच माणूस. त्यांनी हात पुढे करून उजवा आरसा आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणला, मग डावा. मग हात हँडलवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने ते मोठ्याने म्हणाले, "बबीना. होम हिरवा." आणि मग उत्तराची वाट बघावी तसे थांबले. बबीना हे स्टेशन, आणि होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल असा एकमेकांना ओरडून सांगतात, हे मला माझ्या वडिलांमुळे माहीत होतं.

मला परत जावंसं वाटलं. पण परत जाऊन कार्डावर काय लिहिणार होतो? मी गेट वाजवलं.

"नाना."

ते दचकले नाहीत. चावी बंद केली, शांतपणे खाली उतरले. "ये. चहा घेणार?"

"नाना, रोज बसता?"

"रोज कुठे? पोरगी कारने जाते तेव्हा. पाच-दहा मिनिटं. मीटरच्या काट्यांची गंमत बघतो. चावी लावली की दोन्ही काटे पार टोकापर्यंत जाऊन परत येतात. बघितलंस ना?"

"बॅटरी त्यानेच उतरते."

"इंजिन तर मी सुरूच करत नाही," ते म्हणाले. "आणि पाच मिनिटांनी काय होतंय? आमच्या इंजिनाची बॅटरी..." ते मध्येच थांबले.

मी मोबाइल काढला. मंगळवारचा आलेख त्यांच्यासमोर धरला. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. रेल्वेच्या इंजिनातही वेगाची नोंद ठेवणारा चार्ट असतो. काही घडलं की चौकशीत आधी तोच बघतात, ड्रायव्हर काय म्हणतो ते नंतर. नानांनी अशा चार्टांसमोर आयुष्य काढलेलं. त्यांनी रेषा जिथे पडली तिथे बोट ठेवलं. मग जिथे उठली तिथे ठेवलं. मग पुन्हा पहिल्या जागी.

"पंचाऐंशी मिनिटं?"

"हो."

"मी एवढा वेळ बसलो?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून मान्य करायचं नव्हतं? आजही मला सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि आलेख पुन्हा बघितला. चहा राहूनच गेला.

"शुभाला सांगणार तू?"

"तुम्ही सांगा," मी म्हणालो. "रविवारपर्यंत थांबतो. नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल. मॅडम गाडी विकायला निघाल्यात, नाना. घर बंद करायला निघाल्यात."

"ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी तिथेच बसलो होतो."

शनिवारी संध्याकाळी मॅडमचा फोन आला.

"नानांनी बताया," त्या म्हणाल्या. "जेवताना. एकदम सीधे. 'तुझी बॅटरी मी उतरवली' म्हणाले, आणि भाजी मागितली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"भाजी वाढली." मग त्या हसल्या की रडल्या ते फोनवर कळलं नाही. "दादा, मैं इतने दिन खराबी गाडीत ढूंढ रही थी."

"मीपण," मी म्हणालो.

पुढचं सगळं साधं आहे. पोर्चमध्ये मी एक छोटा चार्जर भिंतीला लावून दिला. गाडी उभी असली की त्याची पिन जोडून ठेवायची, मग नाना कितीही वेळ बसोत. मॅडमनी नानांना डॉक्टरांकडे नेलं. वेळेचं भान थोडं सुटतंय, लक्ष ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं ते म्हणाले. मऊरानीपुरची रूम घेतली नाही. मंगळवार-शुक्रवारी दुपारी आता शेजारच्या एक काकू चक्कर मारून जातात. खुलाशात मॅडमनी 'वाहनातील तांत्रिक बिघाड' असं लिहिलं. मी त्यावर माझ्या गॅरेजचा शिक्का मारून दिला. आयुष्यातला माझा एवढा एकच खोटा शिक्का.

परीक्षा संपल्यावर एका रविवारी त्या नानांना मागे बसवून समथरला घेऊन गेल्या. हजारो टनांच्या गाड्या ओढलेला माणूस, पण दुचाकीवर पहिल्यांदाच इतका लांब बसला. परतताना ते दोघे गॅरेजवर थांबले. मी विचारलं, "कसं वाटलं नाना?"

"पोरगी ब्रेक उशिरा लावते," नाना म्हणाले.

माझ्या जॉब कार्डावर गाडीच्या तक्रारीसाठी आठ ओळी आहेत. त्यानंतर मी खाली एक नववी ओळ छापून घेतली: गाडी घरी उभी असते तेव्हा तिच्याजवळ कोण असतं? बरेच जण हसतात आणि रकाना कोरा सोडतात. मागच्या महिन्यात एकाने प्रामाणिकपणे 'म्हैस' असं लिहिलं. त्याचा मागचा लाइट लागत नव्हता. मी वायरिंगला हात लावण्याआधी नंबर प्लेटखाली वाकून बघितलं. वायर चावलेली होती.