मीनलताईंशी राहिलेलं भांडण

मीनलताई सबनीस यांचं माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे, हे वाक्य मी त्यांच्यासमोर कधी बोलू शकलो नाही. बोललो असतो तर म्हणाल्या असत्या, "झालं तुझं भाषण सुरू!" काही आठवड्यांपूर्वी त्यांच्या यजमानांचा, श्रीधरदादांचा फोन आला. "गेली रे..." एवढंच म्हणाले. मी शिकवतो त्या शाळेच्या पार्किंगमध्ये होतो.

मेलबर्नला विद्यार्थ्यांचे लोंढे येत होते, त्या वर्षांत मीही तिथल्या क्लेटन या उपनगरात शिकायला आलो. एका खोलीत चौघं, सुपरमार्केटमध्ये शिफ्ट, आणि घराण्यातला पहिला पदवीधर व्हायचं म्हणून घेतलेलं अकाउंटिंग. इतिहासाचा एक विषय घेतला, तो केवळ त्याची वेळ शिफ्टशी जुळत होती म्हणून. ट्यूटर होत्या मीनलताई, मूळच्या पुण्याच्या. प्रेझेंटेशनसाठी मला एका इंग्रज खासदाराचं गुलामगिरीविरुद्धचं जुनं भाषण मिळालं. तालुक्याच्या शाळेत मी वक्तृत्व स्पर्धांवर वाढलेला. भाषण दिलंय म्हणजे पाठ करायचं, एवढंच मला ठाऊक. सगळं पाठ केलं आणि वर्गात हात उंचावून, आवाज चढवून म्हणून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकलो.

बाहेर आल्यावर ताई मराठीत म्हणाल्या, "पाठांतर छान आहे हो. ढालच द्यायला हवी. पण तुझं मत कुठंय?"

"मत म्हणजे... ताई, एवढा मोठा माणूस तो!"

"मग मधलं पान परत वाच."

मधल्या पानावर तो गुलामांना अजाण लेकरं म्हणत होता. त्यांना मोकळं करा, पण वळण आपणच लावायला हवं, असं सांगत होता. हे सगळं मी तोंडपाठ म्हटलं होतं आणि मला ते दिसलंही नव्हतं. फार लागलं. माझे आजोबा सालगडी. आमच्या शाळेत पाहुणे यायचे, आमच्यासारख्यांच्या उद्धारावर बोलायचे, आणि मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो...

ताईंचं म्हणणं ठाम होतं. असं भाषण फेकून द्यायचं नाही, पण त्याला हारही घालायचा नाही. बोलणाऱ्याच्या कणवेतही मालकी असते, ती दाखवायची. मला हे पुरतं पटायचं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात आमटी-भात खाता खाता आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. दादा म्हणायचे, "अरे, त्या खासदारालाच एकदा जेवायला बोलवा आणि मिटवून टाका." या भांडणांमुळेच मी अकाउंटिंग सोडलं आणि इतिहासाचा शिक्षक झालो. गावी फोन करून माझ्या वडिलांची समजूतही ताईंनीच काढली. पण "तुझ्या आजोबांच्या बाजूनं सांग, या भाषणाचं काय करायचं?" या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नव्हतं. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये, आवाज खोल गेलेला असताना, त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"बऱ्या व्हा, मग सांगतो," मी म्हटलं.

त्या हसल्या. "मास्तर, मला वेळ नाहीये."

त्याच आठवड्यात मी पत्र लिहून पाठवलं. ते त्यांना कुणी वाचून दाखवलं का, हे दादांना विचारायचा धीर अजून झालेला नाही.

"ताई, काल वर्गात ते भाषण घेतलं. मी म्हणून दाखवलं नाही, मुलांना वाचायला लावलं. मधल्या पानावर एक मुलगी थांबली. म्हणाली, 'सर, हा असा बोलतोय, जणू त्या लोकांना ऐकूच येत नाही.' मला आजोबा आठवले. त्यांना सगळं ऐकू यायचं. मालकाचं, पुढाऱ्यांचं, पाहुण्यांचं. लेकरू म्हटलेलं त्यांना लागलंच असतं. तरी ते म्हणाले असते, आधी मला सोडवा, मला काय म्हणता ते मग बघू. म्हणून, ताई, मी त्या माणसाला मोठाच म्हणणार. पण यापुढे शिकवताना त्या सभेत आजोबांना बसवणार, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत वाचणार. तुम्हाला हे अर्धंच पटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी भांडायला घरी या."