तीन म्हणजे तीन

बागखात्याच्या आवारात, रोपांच्या शेडमागे एक खोली आहे. खोली कसली, फावडी ठेवायची अडगळ होती ती. पण कानसताईने तिथे खिडकीखाली टेबल मांडलं, टेबलाच्या कडेला व्हाइस बसवला, आणि चोवीस वर्षांत त्या अडगळीचा दरारा मुकादमांच्या ऑफिसपेक्षा मोठा झाला. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल कुठेतरी. आवारात सगळे तिला कानसताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले मुकादमसुद्धा. अपवाद एकच, तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो नुसतं ताई म्हणे. झाडं पाडायचं काम त्याचं, आणि ज्या चेनसॉने तो ती पाडी, त्याच्या चेनला धार लावायचं काम तिचं. आठ वर्षांनी मोठी बहीण आणि वर हातात कानस, त्यामुळे धाकट्याला उभ्या आयुष्यात उलट बोलायची संधी अशी मिळालीच नव्हती.

चेनला छत्तीस दात. अठरांची तोंडं डावीकडे, अठरांची उजवीकडे. ताई चेनसॉचं पातं व्हाइसमध्ये आवळायची आणि दातावर गाइड ठेवायची. गाइड म्हणजे पत्र्याची एक लहानशी पट्टी. खाली गोल कानस अडकवलेली, वर तिरक्या रेघा कोरलेल्या. रेघ चेनच्या ओळीत धरली की दाताचा कोन चुकायचा नाही. मग कानस पुढे ढकलायची, परत येताना उचलून घ्यायची. प्रत्येक दाताला तीन हात. एका बाजूचे दात उजव्या हाताने, दुसऱ्या बाजूचे डाव्या हाताने. "एक हात कामाला आणि दुसरा काय शोभेला दिलाय?" असं ती विचारायची. भिंतीवर तिने ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, तीन म्हणजे तीन.

नाकावर माशी बसू द्यायची नाही ती. कुणी बोथट चेन घेऊन आला की आधी त्याच्या शर्टाच्या खिशात डोकावायची, कापताना उडालेला भुसा तिथे साचतो. धारदार दात लाकडाच्या ढलप्या काढतो, बोथट दात पीठ काढतो. खिशात पीठ सापडलं की संपलंच. "लाकूड कापत होतास की उगाळत होतास?" पण शिव्या देऊन झाल्या की अर्ध्या तासात चेन अशी करून द्यायची की घेणारा सगळा अपमान विसरून जायचा. इतकं चोख काम करणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही, आणि आवारातही कुणी पाहिलेली नव्हती.

तिचा एक नेम होता. मोठं झाड पाडलं की खोडाची एक चकती कापून तिच्या टेबलावर यायची. ती चकती ठेवून कडेला बोट दाबायची. चकती डुगडुगली नाही म्हणजे काप सरळ गेला, धार बरोबर आहे. डुगडुगली तर त्या दिवशी ताईला जेवण जायचं नाही. तसं फारसं कधी झालं नव्हतं.

आणि मग गेल्या वर्षी चेनसॉ एका अंगाला ओढायला लागला.

धाकट्याला पहिल्याच कापात कळलं. पातं लाकडात सरळ न जाता वळत होतं, चकती बशीसारखी निघत होती. चेन नवी आली तरी महिन्याभरात पुन्हा तेच. दोष दातांत आहे, म्हणजे धारेत आहे, म्हणजे ताईत आहे, एवढा हिशोब त्याला जमला. पण ताईला जाऊन सांगणार कोण? ज्या बाईने आईमागे आपल्याला वाढवलं, हाताला धरून या कामावर आणलं, तिला म्हणायचं की ताई, तुझी धार वाकडी झाली? त्यापेक्षा त्याने मनगटावर जोर देऊन पातं सरळ धरायला सुरुवात केली. दोन महिन्यांत मनगट दुखायला लागलं, त्यावर पट्टा आला. तरी काप थोडा वळायचाच. मग चकतीचं काय करायचं? ती तो आधी आवारातल्या सुताराकडे न्यायचा, दोन्ही बाजूंनी रंधा मारून घ्यायचा आणि मगच ताईच्या टेबलावर ठेवायचा. चकती डुगडुगायची नाही. ताई मान डोलवायची. असे आठ महिने गेले.

मग बालवाडीच्या झाडाची पाळी आली. बालवाडीच्या छपरावर कललेलं, बुंध्यात पोखरलेलं झाड. शनिवारी शाळेला सुट्टी होती, तेव्हा ते पाडायचं ठरलं. असं झाड पाडताना एका बाजूला खाच घेतात, मग मागून कापत येतात आणि मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवतात. तिला हे लोक बिजागरी म्हणतात. त्या बिजागरीवर झाड दारासारखं वळून खाली येतं. मागचा काप तिरका गेला तर बिजागरी एकीकडे पातळ होते आणि झाड मनाला येईल तिकडे पडतं. इथे ते बालवाडीवर पडलं असतं.

शुक्रवारी दुपारी मुकादमांनी धाकट्याला बोलावलं. "उद्याचं झाड दुसरा पाडेल. तू आराम कर."

"कुणी सांगितलं?"

मुकादम छताकडे बघत म्हणाले, "कानसताईंनी."

धाकटा तरातरा खोलीत गेला. "ताई, मला झाड देऊ नका असं तू सांगितलंस?"

"हो." तिची कानस थांबली नाही. "दार लाव आधी."

त्याने दार लावलं. ताईने कानस खाली ठेवली आणि आवाज खाली आणला. धाकटा घाबरला तो यामुळे. ओरडणारी ताई त्याला पाठ होती, हळू बोलणारी ताई त्याने कधी बघितली नव्हती.

"हे बघ, वय कुणाला चुकलंय? तुझा हात आता एका अंगाला जातो. मला ठाऊक आहे." टेबलाखालचं पोतं तिने ओढलं आणि एकेक चकती बाहेर काढली. आठ निघाल्या. "आठही रंधलेल्या. करवत लाकडावर ओरखडे ठेवते रे, आणि ह्या बघ, गालासारख्या गुळगुळीत! मनगटाला पट्टा लागला तेव्हाच समजले. म्हटलं, पोरगं लाजतंय, आपण कशाला बोलायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण उद्या झाडाखाली पोरांची शाळा आहे. तिथे झाकून चालणार नाही."

धाकट्याच्या तोंडून आठ महिन्यांचं एकदम बाहेर आलं.

"माझा हात? ताई, हात माझा नाही जात! तुझी चेन जाते!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"मनगट कशाने गेलं माझं? तुझी चेन सरळ धरून धरून गेलं!"

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तासभर भांडणारी ही भावंडं. आणि जिथे खरंच भांडायला हवं होतं, तिथे आठ महिने एकमेकांना सांभाळून घेत बसली होती. शहाणपणाने केलेला मूर्खपणा म्हणतात तो हा.

ताईने खणातून व्हर्निअर काढला. एक दात मापला. त्याच्या शेजारचा, उलट्या तोंडाचा मापला. दात पुसून पुन्हा मापला. चष्मा पुसून पुन्हा मापला. असे सगळे छत्तीस मापले. डाव्या हाताने घासलेले अठराच्या अठरा दात दीड मिलिमीटर लांब होते.

"कोन बरोबर आहे," ती म्हणाली. "एकूण एक दाताचा. गाइड कोन सांभाळतं. लांबी नाही सांभाळत."

गेल्या वर्षी शेडच्या पायरीवरून ती डाव्या खांद्यावर पडली होती. "काही झालं नाही," म्हणत दुसऱ्या दिवशी कामावर हजर. मोजणी तीनचीच राहिली, पण डाव्या हाताचे तीन आता दोनच्या मोलाचे झाले होते. सारखं मोजलं म्हणजे सारखं झालं, असं धरून ती चालली होती.

ती भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत बसली. धाकट्याला वाटलं, आता ही कानस खाली ठेवणार ती कायमचीच. झाड गेलं तर गेलं, पण ताईची कानस राहू दे, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

ताई उठली. तिने व्हाइस सैल केला आणि चेनसॉ उलटा फिरवून पुन्हा आवळला. आता लांब दातही उजव्या हाताला आले. चोवीस वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं. दोन्ही हात सारखे, हा तिचा मोठा अभिमान होता. सगळ्यांत आखूड दात शोधून तिने त्यावर पेनाने खूण केली. "हा मुकादम. बाकीच्यांनी ह्याच्याएवढं व्हायचं."

मग कानस चालली. थोडं घासायचं, मापायचं, पुन्हा घासायचं. प्रत्येक दातापुढे एक बुटकी खुंटी असते, दाताने किती खोल चावायचं ते ती ठरवते. दात आखूड झाले तशा त्या खुंट्याही तिने सपाट कानशीने उतरवल्या.

"किती हात झाले?" धाकट्याने विचारलं.

"मोजत नाहीये. बघतेय."

पाचच्या सुमाराला तिने हात पुसले आणि थेट मुकादमांच्या ऑफिसात गेली. आत चारपाच माणसं होती. "दुपारी मी चुकीचं सांगितलं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "त्याचा हात सरळ आहे. धार माझी वाकडी होती. झाड त्यालाच द्या." एवढं बोलून परत आली आणि भिंतीवरच्या ओळीखाली ब्रशने लिहिलं, पण आधी माप. दारात उभ्या धाकट्याला त्या क्षणी तिचा जितका अभिमान वाटला तितका कुठल्याच सरळ चकतीने कधी वाटला नव्हता.

शनिवारी सकाळी त्याने खाच घेतली आणि मागून काप सुरू केला. सवयीने मनगटाने जोर दिला तर पातं उलट्या अंगाला जायला लागलं. त्याने मनगट सैल सोडलं. पातं आपसूक सरळ झालं. शर्टाच्या खिशात ढलप्या साचत गेल्या. बिजागरी दोन्हीकडे सारखी राहिली, झाड करकरलं आणि मोकळ्या मैदानात आडवं झालं. बालवाडीचं एक कौलही हललं नाही.

चकती या वेळी तो सुताराच्या दारावरून सरळ पुढे घेऊन आला. ताईने ती टेबलावर ठेवून कडेला बोट दाबलं. हलली नाही. उलटी करून दाबलं. हलली नाही. तरी भरवसा नसल्यासारखा तिने वरून तळहात फिरवला आणि "आई गं!" म्हणत हात झटकला. बोटात कुसळ गेलं होतं.

धाकटा खणात सुई शोधायला लागला.

"राहू दे रे," ताई बोट खिडकीच्या उजेडात धरून म्हणाली. "आठ महिन्यांनी लागलंय. बसू दे थोडा वेळ."