कैरीत राहिलेली काळी सुरी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि खरं तर सगळ्यात आधी तिलाच कळायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हेसुद्धा भित्रेपणाचंच झालं, नाही का?

मी वागळे इस्टेटमध्ये कोटिंगच्या शॉपमध्ये काम करतो. लोखंडाच्या वस्तूंना काळा मुलामा द्यायचा, तेलात बुडवायच्या, पुसून द्यायच्या. पंचवीस वर्षं तेच. आणि नाद म्हणाल तर सुऱ्यांचा. हसू नका — नाद असतो एकेकाला. आम्ही दहाबारा जण आहोत, ठाण्यापासून कल्याणपर्यंत विखुरलेले. महिन्यातून एका रविवारी डोंबिवलीला जोशीसरांच्या घरी जमतो, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरतो आणि ज्याची त्याची सुरी हातोहाती फिरते. मग वाद. कुणाला काळं पातं हवं — चमकत नाही, गंजत नाही. कुणी म्हणतो, चांगल्या पोलादाला काळं कशाला फासायचं? जोशीसर मुठीचे भोक्ते. त्यांचं म्हणणं एकच, मूठ हातात आहे याचा हाताला विसर पडला पाहिजे.

आमच्यात एक रीत आहे. कुणी स्वतः घडवलेली नवी सुरी आणली, तर तिचं लगेच कौतुक करायचं नाही. ती एकाच्या घरी महिनाभर जाते. रोज स्वयंपाकाला वापरायची आणि पुढच्या रविवारी सांगायचं. त्याचा शब्द तो शेवटचा. आणि तो एक जण बहुतेक वेळा मी. कोटिंगमधला माणूस ना!

भास्कर पाटील मानपाड्याचा. टूलरूममध्ये फिटर होता, कंपनी बंद पडली तसा घरी बसला. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. सहा महिने खपून त्याने एक सुरी केली. काळं पातं, आणि मूठ शिसवीची — जाड, मध्ये फुगलेली, अंगठ्याला एक खळगा. दिसायला बेढब. त्याची आई जन्मभर मासळी कापून विकायची. म्हातारपणी तिची बोटं वाकली, मिटेनाशी झाली. त्या हातात मावेल अशी मूठ करून द्यायचं त्याच्या मनात होतं, पण आई आधीच गेली. तरी त्याने केलीच. "पसंत पडली तर बारा करीन, शेट," मला म्हणाला, "हात दुखनाऱ्या बायकांना. नायतर हे आपलं काम नाय, असं समजीन."

सुरी माझ्या घरी आली.

माझी बायको सुलभा दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडलेली. उजवं मनगट मोडलं, जुळलं, पण पकड गेली. भोपळा म्हटलं की मला हाक. मी स्वतः केलेली एक सुरी घरात होती — पितळी मूठ, आरशासारखं पातं, सगळ्यांनी वाहवा केलेली. ती सुलभाच्या हातातून सटकायची. मी म्हणायचो, तुझा हातच तसा झालाय.

भास्करची सुरी तिने हातात घेतली आणि सुरण कापला. सबंध. मला हाक न मारता. "अहो, ही कुणी केली? त्याला सांगा, हात धरल्यासारखं वाटतं." आठवड्याने तिने बाजारातून कैऱ्या आणल्या. दोन वर्षांत लोणचं घातलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला का? थोडा झाला असेल. पण माझी पितळी सुरी फडताळात पडून होती, आणि ते मला रोज दिसत होतं.

त्या सकाळी कैऱ्या कापता कापता ती फोन घ्यायला उठली. मी म्हटलं, उरलेल्या मी करतो. केल्या. फोडींना मीठ चोळलं, पातेलं झाकलं — आणि सुरी आतच राहिली. मिठात आणि आंबटात, संध्याकाळपर्यंत. काढली तेव्हा काळा मुलामा जागोजाग उडालेला, खाली करडे चट्टे. असला मुलामा आंबटात टिकत नाही, हे आमच्या शॉपमधला नवा पोरगाही सांगेल. मी नव्या पोरांना तेच तर शिकवतो.

रविवारी सगळे जमलेले. एक जण म्हणाला, "बोला परीक्षक, वहिनींनी सुरी उगारली की लाटणंच बरं म्हणाल्या?" सगळे हसले. भास्कर हसला नाही. शर्टाला इस्त्री करून आलेला.

मी म्हणालो, कोटिंग टिकत नाही.

त्याने पातं उजेडात धरलं. "कशात राहिली होती का?"

"नाही."

हे तरी समजण्यासारखं आहे — लाज. एवढी वर्षं कोटिंगमध्ये काढून सुरी कैरीत विसरला म्हणून लोक हसले असते. तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित हे लिहायला बसलो नसतो. कोटिंग पुन्हा करता येतं. मीच शॉपमध्ये करून दिलं असतं.

पण तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे पात्याचं. मूठ? वहिनींना कशी वाटली?"

मला कुणी ढकललं नव्हतं. उत्तर माझ्याजवळ होतं, सुलभाच्या शब्दांत, तयार. आणि मी म्हणालो, "टोचते. तळव्यात. तिचा हात जास्तच दुखायला लागला."

का? कारण ती मूठ माझ्या मुठीहून चांगली होती. दुसरं काही नाही.

विषय तिथेच मिटला. रीतच तशी — शब्द शेवटचा. भास्करने सुरी फडक्यात गुंडाळली. "आयचा हातच वाकडा होता," म्हणाला, "त्या मापानं केलं, माजंच चुकलं."

तो पुन्हा आला नाही. घरी सुलभाने विचारलं तर सांगितलं, ज्याची त्याने परत मागितली. "मग दुसरी करून द्या म्हणावं," ती म्हणाली. मी म्हटलं, तो आता करत नाही. हे मात्र खरं होतं.

गेल्या नवरात्रात टेंभी नाक्यावर गर्दीत भास्कर भेटला. मला वाटलं, तोंड फिरवील. त्याने माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं, शेट, तुम्ही तोंडावर सांगितलंत. बारा केल्या असत्या तर बारा बायांचे हात दुखवले असते." हत्यारं त्याने भाच्याला देऊन टाकलीत. सुरीची मूठ फोडून काढली आणि पातं भंगारात घातलं.

तेव्हाही मी बोललो नाही. शेजारी सुलभा उभी होती. मी तिची ओळखसुद्धा करून दिली नाही — तिने हात पुढे केला असता, बोलली असती. देवीला उशीर होतोय म्हणून मी तिला पुढे नेलं.

ती आता माझी पितळी सुरी वापरते. सटकू नये म्हणून तिने मुठीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळली आहे, वरून दोरा. भोपळा असला की मला हाक मारते. मी जातो, चिंधीवरून सुरी धरतो आणि कापून देतो.