कॅफेत कोण बसलं होतं

चार कॉम्प्युटर आणि एक रजिस्टर. एवढ्याशा पसाऱ्यातून किती किस्से निघावेत! चामोर्शीत माझं इंटरनेट कॅफे होतं तेव्हाची ही गोष्ट. आता कॅफे नाही, ती माणसं नाहीत, किस्से तेवढे राहिलेत. सांगायला कोणी मिळालं की मी सोडत नाही.

*

तेव्हा पोरांना एका साइटचं वेड लागलं होतं. खोट्या नावाचं प्रोफाइल काढायचं आणि दिसेल त्याला शिव्या घालायच्या. सरकारनं उपाय काढला : कॅफेत बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वेळ, ओळखपत्र रजिस्टरात लिहायचं. आमचे हवालदार भाऊ कागद घेऊन आले आणि दम भरून गेले, "बिना नावाचा एक जरी बसला ना ताई, तं दुकान बंद!"

पहिलंच गिऱ्हाईक रेशनकार्ड घेऊन आलं. मी म्हटलं, "अरे, यावर तर सात जणांची नावं आहेत."

"बाकीचे बाहेर उभे हायेत ना. बोलावू काय?"

*

कॉलेजच्या पोरांचं ओळखपत्र मात्र रोज घरी राहायचं. नावं काय वाट्टेल ती! महिनाअखेरीला हवालदार रजिस्टर तपासायला बसले आणि एकदम ताडकन उभे राहिले.

"कलेक्टर साहेब आलते इथी? आमाले सांगितलं काऊन नाई?"

*

सोमाभाऊ मुलचेऱ्याकडचे, पार जंगलातल्या गावचे. एका बाजाराच्या दिवशी सकाळीच आले नि म्हणाले, "बाई, मले काम्पुटर नोको. फक्त नाव लिवा. टाइम नीट टाका."

"कशाला हो भाऊ?"

"गावाले गेलो का पोलीस इचारतात, काल कुठी होतास. जंगलातले बंदूकवाले भी तेच इचारतात. तुमच्या बुकात असलो म्हंजे बरं."

मग ते बंद स्क्रीनसमोर दोन तास बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. मी विचारलं, "चालू करून देऊ?"

"कायले? मी बसून राह्यलो ना!"

*

हसता ना? मीही हसायचे. पण माझं खरं सांगते. लग्न दीड वर्षात मोडलं, माहेरी आले तर आई-बाबा दोघंही राहिले नव्हते. दुकानाला कुलूप लावलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसायचं. रविवारची तर मला भीतीच वाटायची.

एक नंदा तेवढी होती. शाळेत मास्तरीण. पाचला शाळा सुटली की यायची, कोपऱ्यातल्या मशीनवर बसायची, मी चहा टाकायचे. ती आली की माझा दिवस व्हायचा.

त्याच सुमारास साइटवरच्या गावच्या पानावर कोणी 'सत्यवादी' माझ्याबद्दल लिहू लागला. नवऱ्यानं हाकललेली, पोरांना नादी लावते, आणखी काय काय. मी नंदापाशी ढसाढसा रडले.

"सोड ना," ती म्हणाली. "लक्ष काऊन देतेस?"

पण मला राहवेना. मी तक्रार दिली. कितीतरी दिवसांनी हवालदार आले, चेहरा पाडून.

"ताई, सायबरवाल्यांचा कागद आला. शिव्या तुमच्याच दुकानातून गेल्या!"

*

कागदावर तारीख होती, वेळ होती : पाच वाजून वीस मिनिटं. हवालदारांनी रजिस्टरात ते पान काढलं. बाजाराचा दिवस, संध्याकाळी सगळे बाजारात, कॅफेत कोणी येत नसे.

"पाच ते सहा एकबी नाव नाई! मंग बसलं कोण होतं?"

मी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. सगळ्या गावाची नावं मी लिहून घेतली होती. एकाच माणसाच्या हातात कधी पेन दिलं नव्हतं. मैत्रिणीकडून कोणी सही घेतं का!

"मीच बसले होते," मी म्हटलं.

"अन् सोताच सोताले शिव्या देल्या?"

"हो."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तसंच लिवू?"

"लिहा."

दुसऱ्या दिवशी पाचला नंदा आली. पर्स टेबलावर ठेवली, पदरानं घाम पुसला.

"काय गं, सापडला का तो मेला?"

मी तिचा चहा ओतला. रजिस्टर उघडून तिच्यापुढं ठेवलं, त्यावर पेन ठेवलं.

"नाव लिही," मी म्हटलं.

तिनं लिहिलं.