लाल लोकरीची पट्टी

शी! त्या ढिगात हात घालायचा म्हणजे काटुंगेच्या अंगावर काटा यायचा. टाला गावच्या बाजारात परदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठे फुटायचे, चांगला माल शहरातले व्यापारी पहाटेच उचलायचे, आणि हिच्या वाट्याला तळाचा गाळ. कुणाच्या काखेतला घाम, कुणाच्या लेकराची वाळलेली ओकारी. पण टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बाईला नवी लोकर कुठून परवडणार? घायपाताचा वाख ती मांडीवर वळायची, तो जवळजवळ फुकटचा. रंगीत पट्ट्यांसाठी मात्र जुने स्वेटर उसवायचे.

आज तिला लाल हवा होता. चर्चचा कारभारी किटोंगा, त्याच्या लेकीचं लग्न ठरलेलं. शनिवारी नवऱ्याकडची माणसं देज म्हणून बकरे घेऊन येणार, आणि लेकीला द्यायची टोपली लाल पट्टीचीच हवी, असं किटोंगाच्या बायकोने, ताबिथाने बजावलं होतं. "लाल नसेल तर मी दुसरीकडून घेईन हं!" चार महिन्यांत आलेलं हे एकच काम. घराचा पत्रा गळत होता, तो याच पैशांतून बदलायचा होता.

"मावशी, घेतेस की नुसती हुंगतेस?" दुकानदार न्झिओका खिदळला.

"हुंगायला हा काय मटणाचा रस्सा आहे, मेल्या? मढ्यांच्या अंगावरून ओरबाडून आणलास का माल?"

ती एकेक स्वेटर उलटा करून शिवण बघत होती. कारखान्यात कापून शिवलेला असला की धागा ओळीओळीला तुटतो, हातात वीतभर तुकडे. दोन लाल मिळाले, दोन्ही तसलेच. तिसरा जाडजूड, हाताने विणलेला. तिने तो उलटा केला आणि थबकली. शिवण तिच्याच हातची होती. डावी बाही चार बोटं आखूड.

ती बाही तिने मुद्दाम आखूड ठेवली होती. टेकडीवरच्या वायुआ म्हातारीचा हात मोडून वाकडाच जुळलेला, तिच्या मापाने. गेल्या थंडीत चर्चमध्ये गरिबांसाठी कपडे गोळा केले, तेव्हा उसवलेल्या लोकरीचा विणून दिलेला स्वेटर.

"हा कुठून आला?"

"चर्चच्या पोत्यातून. कारभाऱ्यांनीच विकला की किलोवर. चांगला भाव दिला मी."

इतका वेळ त्या घाणीत हात घालून जेवढी शिसारी आली नव्हती तेवढी काटुंगेला आता आली. बायाबापड्यांनी आपल्या अंगावरचं काढून दिलं, आणि या भामट्याने ते विकून खाल्लं! वर रविवारी उभा राहून दानधर्मावर बोलतो, थू!

सगळ्या बाजारात नीट उसवता येईल असा लाल तेवढा एकच होता. तिने पैसे टाकले आणि तो घेऊन थेट टेकडी चढली.

वायुआ चुलीपाशी खांद्यावर पोतं पांघरून बसली होती.

"आजी, तुला गेल्या थंडीत चर्चमधून स्वेटर नाही मिळाला?"

"कसला गं बाई? किटोंगा आला होता तेवढा. प्रार्थना करून गेला. केवढी लांबलचक! माझी लापशी पार गार झाली."

काटुंगेने स्वेटर तिच्या अंगात चढवला. वाकडा हात बाहीत बरोबर बसला. म्हातारी लोकर गालाला लावून बसली, आणि काटुंगे खाली उतरली.

शनिवारी किटोंगाचं अंगण माणसांनी भरलेलं, मटण शिजत होतं. ताबिथाने टोपली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. काळी आणि तपकिरी पट्टी. "लाल कुठाय?"

"लाल मिळाला होता," काटुंगे म्हणाली, "वायुआसाठी म्हणून मी चर्चला स्वेटर दिला होता ना, तोच. न्झिओकाकडे. आता तिच्या अंगावर आहे."

ताबिथाला काही कळलं नाही. किटोंगाला कळलं. पाहुणे ऐकत होते. त्याने लगबगीने काटुंगेला बाजूला घेतलं, टोपलीचे पैसे हातात कोंबले, वर आणखी पाचशे शिलिंग.

"छान झालीय टोपली, काटुंगे. लाल नसला म्हणून काय झालं? आता जेवून जा हं. आणि हे आपल्यातच राहू दे."

तिने टोपलीचे पैसे कमरेला खोचले. वरची पाचशेची नोट सगळ्यांदेखत टोपलीत टाकली.

"याचे स्वेटर घ्या, कारभारी," ती मोठ्याने म्हणाली, "आणि या खेपेला वाटा."

मग ती न जेवताच घरी गेली.