घटाच्या आधीचं धुणं आणि माझा डावा डोळा

नवरात्राच्या साफसफाईत मी कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, असा आमच्या घरात ठराव झाला आहे. बायकोनं तो मांडला, लेकीनं फोनवरून अनुमोदन दिलं. मी हजर होतो. पण माझा एक डोळा मिटलेला होता.

घट बसायच्या आधी आमच्या कळंबला घरातली गोधडी न् गोधडी धुऊन निघते. नळ मात्र आठवड्यातनं एकदा! म्हणून मंदानं (म्हणजे बायकोनं) धुण्यासाठी अंगणात पाण्याचं एक टिपाड भरून, झाकण लावून, वर पाटा ठेवला होता.

"ह्या पाण्याला हात लावाल तर बघा!"

मी पाण्याला हात लावला नाही. मी संडास घासायला घेतला. कपड्याचं ब्लीच ओतलं, डाग हलेना. मग त्यावरच संडासाचं ॲसिड ओतलं. (एका बैलानं ओढंना तर दुसरा जुंपावा, हे शाळामास्तर झालेल्या शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागतं का?) वास घरात नको म्हणून दारही आतनं लावून घेतलं!

पण दोन्ही बैल गाडी ओढायचं सोडून मलाच ढुशी द्यायला लागले. पिवळट वाफ उठली, छाती आवळली, खोकल्याची उबळ आली. कसाबसा कडी काढून बाहेर पडलो आणि ब्लीचनं भरलेल्या त्याच हातानं डोळा चोळला.

"मंदे, डोळा गेला गं माझा!"

मंदानं मला ओढत अंगणात नेलं, घराची दारं सताड उघडी टाकली आणि लेकीला फोन लावला. लेक सोलापूरला नर्सिंग शिकते. तेवढ्यात शेजारचे आप्पा धावत आले.

"सर, लिंबू पिळा डोळ्यात. लिंबानं समदं कटतंय!"

"आधी तुमच्या डोळ्यात पिळून दावा, आप्पा," मंदा म्हणाली.

फोनमधून लेक ओरडली, "लिंबूबिंबू काही घालू नका! मोकळ्या हवेतच बसवा. आत कुणी जाऊ नका. बाबा, डोळा चोळू नका! आई, डोळ्यावर साध्या पाण्याची धार धर. पंधरा-वीस मिनिटं. मग लगेच दवाखान्यात न्या."

"वीस मिनिटं? धार?"

"आई!"

मंदानं टिपाडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा टिपाडाकडं! (इतका विचार तिनं लग्नाला होकार देतानाही केला नव्हता.) शेवटी तिनं पाटा उचलला.

तांब्यामागनं तांब्या सुरू झाला. मी बोंबलतोय, आप्पा माझी पापणी फाकून धरतायत आणि पाणी गल्लीत वाहतंय. ते बघून चार बायका घागरी घेऊन पळत आल्या.

"मंदावैनी, नळ आला व्हय?"

"नळ न्हाय बाई, आमचे हे!"

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यात बॅटरी मारली. "डोळा वाचला," ते म्हणाले. "लई झकास धुतलाय!"

घट बसले. गोधड्या तशाच राहिल्या. दर्शनाला आलेल्या बायका विचारायच्या, "झालं का धुणं?" आणि मंदा कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडं बोट दाखवून सांगायची, "औंदा एवढं एकच निघालं, बाई. अन् धुऊनसुद्धा काय फरक पडला न्हाय!"